पब तुझा, पिंप त्यांचं!

बाटलीवर 'इंडिपेंडंट' असं छापलं की बिअर खरंच स्वतंत्र होते का? ब्रिटनमधले पबवाले आणि छोटे बिअरवाले गेली पन्नास वर्षं या प्रश्नावर भांडताहेत. गंमत म्हणजे हे भांडण समजून घ्यायला लंडनला जावं लागत नाही. मिरकरवाड्याची जेटी पुरते.

रत्नागिरीकरांना मिरकरवाडा सांगायची गरज नाही. बाहेरचे असाल तर एकदा नौका लागायच्या वेळी बंदरावर जाऊन उभे राहा. वर रत्नदुर्ग किल्ला, खाली डिझेलचा वास, बर्फाचा चुरा, तांडेलांच्या हाका आणि क्रेट उचलणारे खलाशी. त्यात नेपाळहून आलेली पोरंही भरपूर. बांगडा, तारली, म्हाकूल उतरायला लागलं की लिलावाचा आवाज चढतो आणि मग कुणाला कुणाकडं बघायला वेळ नसतो.

पण मासेमारीच्या धंद्यातल्या कुणाशीही दोन मिनिटं बोललात तर एक गोष्ट कळेल. प्रत्येक नौकेची मासळी अशी मोकळ्या लिलावात जातेच असं नाही. हंगाम सुरू होताना डिझेल, बर्फ, जाळी, इंजिनाचं काम, खलाश्यांची उचल असा खर्च एकदम अंगावर येतो. बँकेचं कर्ज वेळेत मिळेल याचा भरवसा नसतो. मग एखादा व्यापारी आगाऊ रक्कम देतो. अट एकच असते, पैसे फिटेपर्यंत मासळी मलाच घालायची. भावाचं काय? तेव्हाचं तेव्हा बघू! हा प्रकार काही एकट्या मिरकरवाड्याचा नाही, देशाच्या सगळ्या किनाऱ्यावर तो चालतो. नौका कागदावर मालकाची असते, दर्याचा धोकाही त्याचाच असतो. पण मासळी कुणाला विकायची हे ठरवायचा हक्क मात्र त्या आगाऊ रकमेबरोबर निघून गेलेला असतो.

एवढं डोक्यात ठेवा आणि आता बिअरकडं वळूया. (आधीच एक कबुली देते. मी बिअर पीत नाही, आणि प्या असं सांगायला हा लेख नाही. मला कुतूहल आहे ते त्या धंद्याच्या गणिताचं.)

सगळ्यांचं 'घर', पण मालक कोण?

'पब' म्हणजे 'पब्लिक हाऊस'. सगळ्यांसाठी उघडं असलेलं घर. आपल्याकडं पब म्हटलं की डिस्को लाइट, कानठळ्या बसवणारं म्युझिक आणि दारावर उभे बाउन्सर डोळ्यांपुढं येतात. इंग्लंडच्या गावातला पब असा नसतो. तिथं आजोबा पेपर वाचत बसलेले असतात, कोपऱ्यात बाण फेकायचा डार्ट्‌सचा खेळ चाललेला असतो, रविवारी दुपारी घरची मंडळी पोराबाळांसकट जेवायला येतात. एक ग्लास घेऊन तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही. आपल्या एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीला छप्पर, लाकडी बाकं आणि शेकोटी दिली, तर ती जशी होईल तसं काहीतरी.

पण हे 'सगळ्यांचं घर' बऱ्याचदा पब चालवणाऱ्याच्या मालकीचं नसतं. एकोणिसाव्या शतकापासून मोठ्या ब्रुअऱ्यांनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांनी, पबच्या इमारती विकत घ्यायला सुरुवात केली. मग तिथं भाडेकरू बसवायचा. भाडं तर द्यायचंच, वर बिअरही आमचीच घ्यायची, आमच्याच दरानं. बाजारात दुसऱ्याची बिअर स्वस्त मिळत असेल, गिऱ्हाईक ती मागत असेल, तरी आणायची नाही. अशा पबला तिकडं 'टाइड हाऊस' म्हणतात, म्हणजे बांधलेला पब. आणि ज्याच्यावर असं बंधन नाही, तो 'फ्री हाऊस'. इंग्लंडमध्ये पबच्या पाटीवर 'फ्री हाऊस' वाचलंत तर आत फुकट मिळतं असं समजू नका! हा पब कुणाला बांधलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आठवली ना जेटी? पब चालवणारा म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेला नौकामालक. दुकान तो उघडतो, लाद्या तो पुसतो, भांडणं तो सोडवतो. पिंपात काय असावं हे मात्र दुसराच ठरवतो.

चार मित्र आणि एक तक्रार

१९६० च्या दशकात हे बंधन फारच घट्ट झालं. छोट्या ब्रुअऱ्या मोठ्यांनी गिळल्या आणि शेवटी सहा कंपन्यांच्या हातात बहुतेक धंदा गेला. त्यांना देशभर एकसारखी, न बिघडणारी, ट्रकमधून लांब नेता येणारी बिअर हवी होती.

इथं थोडं तंत्र समजून घेऊ. बिअर म्हणजे मोड आणून भाजलेलं सातू, पाणी, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं आणि यीस्ट. सातूतला गोडवा गरम पाण्यात उतरवायचा, हॉप्स टाकून उकळायचं, गार करून यीस्ट सोडायचं. पुढचं काम यीस्टचं. आंबोळीचं पीठ रात्री भिजवून ठेवलं की सकाळी फुगतं, तोच हा खेळ. इंग्लंडची जुनी पद्धत अशी, की ही बिअर जिवंत यीस्टसकट पिंपात भरायची. पबच्या तळघरात ती आणखी आंबते आणि हातपंपानं ओढून ग्लासात येते. बर्फागार नाही, तर साधारण ११ ते १३ अंशांवर. उघडलेलं पिंप तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, आणि तळघर सांभाळणारा हुशार लागतो. मोठ्या कंपन्यांनी ही कटकटच काढून टाकली. बिअर गाळली, तापवून यीस्ट मारलं, वरून गॅस भरला आणि धातूच्या बंद केगमधून ती देशभर पाठवली. टिकायला मस्त, चवीला सगळीकडं सारखीच. ताज्या बांगड्याच्या जागी तुम्हाला वर्षभर टिनमधलाच बांगडा मिळू लागला तर?

मार्च १९७१ मध्ये चार इंग्रज मित्र आयर्लंडला सुट्टीवर गेले होते. मायकल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर. त्यातले काही जण पत्रकारितेतले होते. (बघा, आपल्या लाइनीतली माणसं!) केरी परगण्यातल्या डनक्विन गावी, क्रुगर्स बारमध्ये बसून त्यांनी बिअरच्या नावानं बोटं मोडली आणि तिथल्या तिथं संघटना काढली. आज ती 'कॅम्पेन फॉर रिअल एल', म्हणजे 'कॅम्रा' या नावानं ओळखली जाते आणि तिचे सभासद लाखाच्या वर आहेत. सुट्टीत बसून तक्रारी आपण सगळेच करतो. या चौघांनी घरी आल्यावर सभासद गोळा केले, चांगल्या पबची यादी छापायला घेतली. ती 'गुड बिअर गाइड' अजून निघते.

कायदा आला, पळवाटही आली

पुढची गोष्ट नीट वाचा, कारण 'स्वातंत्र्य' कसं निसटतं ते इथं कळतं.

१९८९ मध्ये सरकारच्या मक्तेदारी आयोगानं चौकशी केली. सहा कंपन्या देशातली तीनचतुर्थांश बिअर बनवत होत्या आणि हजारो पब त्यांना बांधलेले होते. सरकारनं आदेश काढला. ज्या ब्रुअरीकडं दोन हजारांपेक्षा जास्त पब असतील, तिनं वरच्या पबपैकी निम्मे मोकळे करावेत. बांधलेल्या पबलाही बाहेरची एक 'पाहुणी' पिंपातली बिअर ठेवायची मुभा मिळाली.

छान झालं की! पण कंपन्यांनी काय केलं? पब विकूनच टाकले. ते घेतले नव्या कंपन्यांनी. या कंपन्या स्वतः बिअर बनवत नव्हत्या, त्यामुळं त्या आदेशात बसतच नव्हत्या. भाडेकरू तोच, अट तीच, 'बिअर आमच्याकडूनच घे'. फक्त दोरीचं टोक एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. या नव्या मालकांना लगाम घालायला २०१६ उजाडलं. तेव्हा आलेल्या पब्स कोडनुसार, ५०० किंवा त्याहून जास्त बांधलेले पब असलेल्या कंपन्यांच्या भाडेकरूला ठराविक प्रसंगी, उदाहरणार्थ करार नव्यानं करताना, सांगता येतं, की मी बाजारभावानं फक्त भाडं देतो, बिअर माझी मी बघतो.

मधल्या काळात छोट्यांना खरा हात दिला तो करानं. २००२ मध्ये ब्रिटननं बिअरवरचा कर आकारानुसार केला. वर्षाला पाच लाख लिटरपर्यंत बिअर बनवणाऱ्याला निम्माच कर. गॅरेजमध्ये, जुन्या गोठ्यात, रेल्वेच्या कमानीखाली छोट्या ब्रुअऱ्या सुरू झाल्या. आज त्या देशात हजारांहून जास्त ब्रुअऱ्या आहेत. आपल्या पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमारांच्या वादासारखंच हे. मोठी जाळी आणि छोटी जाळी एकाच नियमात बसवली की छोटा बुडतो. नियम आकार बघून केला, तर तो तग धरतो. आपल्याकडं २०१६ मध्ये राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले, त्यामागचं भांडण हेच होतं. ते भांडण अजून मिटलेलं नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

फ्रेझरबरोची दोन पोरं

आता एक गोष्ट खास बंदरावरच्या पोरांसाठी. स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला फ्रेझरबरो नावाचं गाव आहे. मासेमारीचं मोठं बंदर. तिथं २००७ मध्ये जेम्स वॉट आणि मार्टिन डिकी या दोघा मित्रांनी 'ब्रूडॉग' ही ब्रुअरी काढली. दोघंही २४ वर्षांचे. वॉटच्या घरचा धंदा मासेमारीचा, तो स्वतः बोटीवर काम केलेला.

त्यांचा पवित्रा बंडखोर होता. मोठ्या कंपन्यांना शिव्या, भडक लेबलं, कडक कडू बिअर. बँकेच्या दारात जाण्याऐवजी २००९ पासून त्यांनी थेट चाहत्यांनाच शेअर विकले आणि त्या योजनेला नाव दिलं 'इक्विटी फॉर पंक्स'. हजारो लोक मालक झाले. किती भारी ना?

थांबा जरा. २०१७ मध्ये एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीनं ब्रूडॉगमध्ये सुमारे २२ टक्के हिस्सा घेतला, तोही अशा अटींवर, की कंपनी विकली तर आधी पैसे तिचे, मग चाहत्यांचे. २०२१ मध्ये माजी कर्मचाऱ्यांनी जाहीर पत्र लिहून कामाच्या ठिकाणी भीतीचं वातावरण असल्याचा आरोप केला आणि वॉटला माफी मागावी लागली. बंडखोरी लेबलवर शिल्लक होती. हिशेबाच्या वहीत ती किती उरली होती, हा वेगळा प्रश्न.

बाकीच्यांचं काय झालं? लंडनची 'कॅमडेन टाऊन' ब्रुअरी २०१५ मध्ये जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीनं, एबी इनबेव्हनं घेतली. 'मीनटाइम' त्याच वर्षी सॅबमिलरकडं गेली. 'बीव्हरटाऊन'मध्ये हायनेकेननं २०१८ मध्ये हिस्सा घेतला आणि २०२२ मध्ये ती पूर्णच घेतली. लेबलवरचं चित्र तेच राहिलं, गिऱ्हाइकाला पत्ताही नाही. म्हणून तिथल्या स्वतंत्र ब्रुअऱ्यांच्या संघटनेला, 'सिबा'ला, २०१६ मध्ये चक्क एक शिक्का काढावा लागला. हा शिक्का असेल तर समजा, की मागं मोठा मासा नाही.

विकणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. दहा वर्षं रात्रंदिवस राबल्यावर कुणी कोट्यवधी रुपये समोर ठेवले, तर तुम्ही-मी काय करू कोण जाणे. मुद्दा एवढाच, की 'इंडिपेंडंट' हा चवीचा शब्द नाही. तो मालकीचा शब्द आहे.

इथली माडी, त्यांचा कायदा

तुम्ही म्हणाल, हे सगळं गोऱ्यांचं, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो कडू आहे.

छोट्या प्रमाणात, गावातल्या गावात, स्वतःच्या झाडाचं पेय बनवणारे लोक कोकणात कितीतरी आधीपासून होते. भंडारी समाजाचा हा पिढीजात धंदा. माडावर चढायचं, पोय कापून मडकं बांधायचं, सकाळ-संध्याकाळ उतरवायचं. ताजी ती गोड नीरा, आंबली की माडी. यीस्ट विकत आणायला नको, ते हवेतच असतं. संध्याकाळपर्यंत प्यायली नाही तर आंबट होते, त्यामुळं ती लांब जाऊच शकत नाही. स्थानिक पेय म्हणतात ते याहून स्थानिक काय असणार!

मग १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आला. माडी काढायच्या झाडावर कर, काढायला परवाना, दारू गाळायची ती सरकारनं ठरवलेल्या ठिकाणी आणि मक्तेदारांमार्फत. तिजोरी भरली. पण ज्यांच्याकडं चार-सहा माड होते त्यांचा धंदा बसला, आणि पोट भरायला अनेकांनी मुंबईची वाट धरली. त्याच काळात बर्टन आणि लंडनच्या ब्रुअऱ्यांची बिअर जहाजात भरून मुंबई-कलकत्त्याला येत होती. आज जगभरात ऐटीत मागवली जाते ती 'इंडिया पेल एल' याच व्यापाराचं लेकरू. म्हणजे इंग्लंडातल्या छोट्या पबवाल्याला ज्या दोरीनं बांधलं होतं, तसलीच दोरी साहेबानं इथल्या भंडाऱ्याच्या माडालाही बांधली. तिकडच्या दोरीविरुद्ध संघटना झाली, कायदे झाले. इकडची दोरी स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यात नव्या गाठी मारून राहिली.

काजूचं बघा. गोव्यात बोंडूपासून फेणी होते, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पर्यटक ती बाटल्या भरून नेतात. सीमेच्या अलीकडं आपल्या जिल्ह्यांत बी काढून घेतल्यावर बोंडूचे ढीगच्या ढीग झाडाखाली कुजतात. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं काजूबोंडं आणि मोहफुलांच्या मद्याला देशीऐवजी 'विदेशी मद्या'च्या वर्गात घालायचा निर्णय घेतला. आपल्या अंगणातलं बोंडू आणि शिक्का विदेशी! हेतू प्रतिष्ठा देण्याचा असेल, पण नाव वाचून हसू आल्याशिवाय राहत नाही.

पुण्यातली 'स्वातंत्र्य'वाली बिअर

महाराष्ट्रात छोट्या ब्रुअरीची आजची गोष्ट सुरू होते पुण्यात, २००९ मध्ये. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रुअर ऑलिव्हर शाउफ यांच्या साथीनं 'डूलली' सुरू केली. राज्यातली ही पहिली मायक्रोब्रुअरी. पुढं मुंढव्यात 'इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी' आली. नावातच स्वातंत्र्य! नकुल भोसले यांनी 'ग्रेट स्टेट एलवर्क्स' काढली. 'ग्रेट स्टेट' म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको. बिअरच्या बाजूला मधापासून बनणारं 'मीड' करणारी 'मूनशाइन' ही देशातली पहिली मीडरीसुद्धा पुण्याचीच.

यांच्यापुढची अडचण ब्रिटनपेक्षा वेगळी. इथं पबला बांधून ठेवणारी कंपनी नाही, इथं परवाना आहे. मायक्रोब्रुअरीच्या बिअरवर सुरुवातीपासून बंधनं. बाटलीत भरून दुकानात ठेवायची नाही. टाकीत ताजी बिअर उरली आणि गिऱ्हाईक नाही, तर ओतून द्यायची. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हेच झालं, तेव्हा कुठं भरून न्यायच्या बाटल्यांना, म्हणजे 'ग्रोलर'ना परवानगी मिळाली.

आणि पिणाऱ्यालाही नियम आहेत बरं का. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक मद्यासाठी २५. शिवाय पिण्याचा परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. 'सगळेच पितात' हा कायद्यापुढं चालणारा जबाब नाही.

मोठे काय करत होते? सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं युनायटेड ब्रुअरीज आणि कार्ल्सबर्ग इंडिया यांना मिळून सुमारे ८७३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २००९ ते २०१८ या काळात बड्या बिअर कंपन्या आपसांत बोलून भाव ठरवत होत्या, असं आयोगाला आढळलं. एबी इनबेव्ह त्यातलीच, पण तिनं स्वतःहून माहिती दिली म्हणून सुटली. अपिली लवादानंही २०२२ मध्ये हा निर्णय कायम ठेवला, नंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. लिलावात चार व्यापाऱ्यांनी आधीच चहा पिताना भाव ठरवून यावं, तसाच हा प्रकार. फक्त आकडे कोटींचे.

गावानं विकत घेतलेला पब

मग खरंखुरं स्वतंत्र काही आहे की नाही? आहे.

इंग्लंडच्या कंब्रिया भागात हेस्केट न्यूमार्केट नावाचं डोंगरातलं छोटंसं गाव. तिथली गावची ब्रुअरी विकायची वेळ आली, तेव्हा १९९९ मध्ये गावकऱ्यांनी सहकारी संस्था करून ती घेतली. २००३ मध्ये 'ओल्ड क्राउन' हा पबही तसाच घेतला. लोकांनी थोडे थोडे पैसे घातले आणि मालकी वाटून घेतली. लंडनच्या नन्हेडमध्ये 'आयव्ही हाऊस' पब बिल्डरच्या घशात जाणार होता. २०११ च्या एका कायद्यानं लोकांना हक्क दिला, की गावाच्या उपयोगाची वास्तू विकायला निघाली तर आधी पैसे जमवायला आम्हाला वेळ द्या. शेजारपाजारच्यांनी शेअर काढले आणि २०१३ मध्ये पब ताब्यात घेतला. तिथं आता बाहेरचा कुणी येऊन 'हीच बिअर ठेव' म्हणू शकत नाही.

हे काही आपल्याला नवीन नाही. रापण आठवा. दक्षिण कोकणात किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं ते मोठं जाळं. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला. मच्छीमार सहकारी सोसायट्या निघाल्या त्याही याचसाठी, की डिझेल-बर्फासाठी व्यापाऱ्यापुढं हात पसरायला लागू नये. सगळ्या सोसायट्या नीट चालतात असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण विचार तोच आहे, हेस्केट न्यूमार्केटवाल्यांचाच.

मिरकरवाड्यात पब हवा का?

नाही. आणि मला तसं सुचवायचंही नाही. मिरकरवाड्यातल्या कितीतरी घरांत दारू धर्मानंच वर्ज्य आहे, तिथला कट्टा चहावर चालतो आणि झकास चालतो. शिवाय दारूनं घर उठलेलं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत कुणी ना कुणी असतंच. माडी पारंपरिक आहे, बिअर 'क्राफ्ट' आहे म्हणून तिचा त्रास कमी होत नाही. ब्रिटनच्या पबमध्येही सगळे पेपर वाचायलाच बसलेले नसतात.

मग या सगळ्यातून घ्यायचं काय? तर तो एक प्रश्न. तुमच्यातला कुणी उद्या कोकम सरबताचा ब्रँड काढेल, कुणी मासळीची ऑनलाइन विक्री करेल, कुणी कॅफे टाकेल, कुणी घरच्या आंब्याचा रस डब्यात भरेल. इन्स्टाच्या बायोत 'इंडिपेंडंट', 'लोकल', 'होममेड' लिहायला एक मिनिट पुरतं. त्याआधी कागद घेऊन चार उत्तरं लिहून काढा. सुरुवातीचा पैसा कुणाचा? तो फिटेपर्यंत माल कुणालाच विकायचा असं काही कबूल केलंय का? भाव कोण ठरवतं? आणि उद्या दुसऱ्याला माल द्यावासा वाटला, तर देता येईल का? चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर तुम्ही बांधलेले आहात, पाटीवर काहीही असो. बांधून घेणं हा दर वेळी मूर्खपणाच असतो असंही नाही. आगाऊ रक्कम मिळाली नाही तर नौका किनाऱ्यालाच राहते. फक्त दोरी किती लांब आहे आणि तिची गाठ कुठं आहे, हे आधी बघून ठेवा. गिऱ्हाईक म्हणूनही हेच करा. ग्लास बिअरचा असो की सरबताचा, 'बनवलं कुणी' एवढ्यावर थांबू नका, 'मालक कोण' हेही विचारा.

१ जूनला मासेमारी बंद होते. नौका किनाऱ्याला लागतात, ताडपत्र्या चढतात, जाळी विणायला बसतात. पावसात बंदर शांत वाटतं. पण पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम कुणाकडून आणि कुठल्या अटीवर घ्यायची, याची बोलणी होतात ती याच दिवसांत, चहाच्या ग्लासावर. डनक्विनच्या त्या चौघांसमोर बिअर होती, इथं चहा आहे. यंदा त्या बाकावर बसाल तेव्हा गाठीचा विषय तुम्हीच काढा.